गाण्याचं कुरिअर

तारकर्लीत कुरिअर आणणारा माणूस खोकं देण्याआधी नारळासारखं कानाशी धरून हलवायचा. गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा माझा ऑडिओ इंटरफेस त्यानंच आणला. "घरीच गाणं रेकॉर्ड करायचंय," मी ऐटीत सांगितलं. मग इंटरनेटवरच्या विद्वानांनी ठरवलं, आवाजाला ऊब हवी तर आवाज आधी वाढवून देणारा वेगळा प्रीअ‍ॅम्प पाहिजे. तोही त्यानंच आणला. ऊब काही आली नाही. मी दुसरा मागवला, आणि पहिला परत न्यायलाही हाच आला. गाणं तोवर दोन ओळींपुढे सरकलं नव्हतं.

त्यानं परत जाणारं खोकं कानाशी धरून नीट हलवलं.

"दादानू, ह्येच्यात गाणा-बिणा रवला नाय मा?"

"नाही राहिलं," मी म्हटलं. तेवढी मात्र मला खात्री होती.