मासळीचं पाणी

हे मी कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. शाळा मी जेमतेम पाहिली, तेव्हा वेडंवाकडं लिहीन — चालवून घ्या.

पूर्णगडात गुलाबाला डोळा भरावा, एका झाडाचा कोंब दुसऱ्यावर बसवावा, तर मीच, असा माझा तोरा. होता कशाला म्हणू? आहे. शेजारची सुमन मासळी विकते. तिच्या दारात नवऱ्याने लावलेला गुलाब होता. नवरा होडीवरून परत आला नाही, झाड राहिलं. तेही थकलं तेव्हा ती म्हणाली, "काका, ह्याची कलमं करून द्या. नायतर हा पण जायचा."

डोळा ज्याच्यावर भरायचा त्या खुंटासाठी काड्या मी माझ्या परसातल्या रानगुलाबाच्या घ्यायचो. त्याच्या पानांवर तेव्हा पिवळ्या नागमोडी रेघा उठलेल्या. शेतीचं शिकलेली एक पोरगी बाग बघून म्हणाली होती, "आजोबा, हा विषाणू. औषध नाही. ह्याच्यावर डोळे भरलेत तर रोग कलमात उतरेल. उपटून जाळा." मी तिला हसलो. पण ऐकलं होतं ना? — चांगलं ऐकलं होतं. दुसरीकडून काड्या मागायच्या, म्हणजे ती पोरगी खरी आणि मी खोटा.

मी त्याच काड्या लावल्या. डोळ्यांसाठी सुमनच्या झाडाची फांदी न् फांदी छाटली. ते पुन्हा फुटलं नाही.

कलमं लागली — आणि पानांवर त्याच रेघा. कळ्या चिमटलेल्या. पान घेऊन सुमन आली. काय बोललो मी?

"मासळी धुतलेलं पाणी घालतेस ना गो? त्यानेच जळली."

इथे ते पाणी कोण घालत नाही? तिच्या नवऱ्याचा गुलाब त्याच पाण्यावर फुलला होता. तिला आठवलं नसेल? पण सांगणारा मी होतो.

तिने कलमं आपल्या हाताने उपटली, चुलीत घातली. "मीच मारलं हो," म्हणाली. मी मधल्या दगडी गडग्याशी उभा होतो — जवळच.

माझं रोगट झाड मी नंतर गुपचूप काढलं. आता तिथे चांगले गुलाब आहेत.

सुमन अजून मासळी धुते. ते पाणी पार मागच्या माडाला नेते. वाटेत माझे गुलाब लागतात. तिथे आली की पातेलं पलीकडच्या हातात घेते.

"थेंब पडू द्यायची नाय हो, काका."

मी म्हणतो, "बरं."