हेमांगीचा डबल बास आणि केळीचा फोम

हसायचं तर आधीच हसून घ्या. हेमांगी नाशिकची नोकरी सोडून सावद्याला परत आली, तेव्हा टेम्पोतून काळ्या पिशवीतलं ते धूड उतरताना बघून आख्ख्या गल्लीचा समज झाला, की पोरीनं गुपचूप लग्न उरकलंय आणि आहेरातला फ्रीज आलाय. शेजारच्या यशोदाबाईंनी तर विचारलंसुद्धा, "दोन दाराचा का गं?"

फ्रीजही नव्हता आणि नवराही. डबल बास होता. रूप व्हायोलिनचं, पण उंची हेमांगीपेक्षा वीतभर जास्त. उभं राहून, कवेत घेऊन, बोटांनी तारा ओढायच्या. गल्लीची बिचारीची निराशा झाली.

दिवसा हेमांगी वडिलांच्या केळीच्या पॅकिंगवर उभी राहायची आणि कार्यक्रम असला की भूपेंद्रभाऊंच्या जळगावच्या ऑर्केस्ट्रात. भूपेंद्रभाऊ कीबोर्डवाले. खालचे सूर ते इतकी वर्षं डाव्या हातानंच वाजवत आलेले, त्यामुळे हे धूड त्यांना घरात आलेल्या जावेसारखं खुपायचं. त्यात भुसावळला पहिल्याच गाण्यात बास असा घुमला, की पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

"धुळ्याला बघू," भूपेंद्रभाऊ म्हणाले. "तिथंही घुमला तर याला घरी ठेवायचं. माझा डावा हात अजून शाबूत आहे."

"हातावर नका जाऊ भाऊ, लोकांच्या कानांवर जा," हेमांगी म्हणाली. पोरीला घाबरायची सवयच नाही.

धुळ्याला एका एकसष्टीचा कार्यक्रम होता, भरदुपारी, मंगल कार्यालयात. साउंडवाला झुलाल आधीच हजर. त्यानं आपले स्पीकरचे उंच बॉक्स वाजवणाऱ्यांच्या पाठीशी भिंतीसारखे रचलेले. हेमांगीनं माइकसमोर एक तार ओढली आणि हॉलभर घूंऽऽ.

"झुलालभाऊ, बॉक्स मागं का?"

"लगीनमा आसंच ठेवतस ताई. छातीमा धडधड व्हवाले पाह्यजे."

"इथं एकसष्टी आहे. धडधड झाली तर दवाखाना शोधावा लागेल."

झुलाल हसला, पण बॉक्स हलवेना. मग हेमांगीनं त्याचा हात धरून बासच्या पोटावर ठेवला आणि त्याला बॉक्सवर गाणं लावायला सांगितलं. बासला कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी पोट थरथरत होतं.

"हा पोकळ आहे भाऊ. बॉक्सचा आवाज पोटात घेतो, माइक तोच उचलून परत बॉक्सला देतो. असा फिरत राहतो."

"तसं सांगा ना," म्हणत झुलालनं बॉक्स ओढत स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यांत नेले, तोंडं लोकांकडे करून.

आता हेमांगीनं पिशवीतून काढला फोम. केळीच्या फण्यांना डाग पडू नयेत म्हणून मध्ये घालतात ना, तोच. घरी पॅकिंग करताना तिला सुचलं होतं, जे फणीला सांभाळतं ते बासला का नाही? त्याच्या गुंडाळ्या तिनं बासच्या पोटावरच्या दोन्ही फटींत बसवल्या. छोटा माइक फोममध्ये लपेटून तारांखालच्या लाकडी घोडीत खोचला. स्टेजच्या फळ्याही पोकळ, म्हणून बासच्या पायाखाली बैठकीतली गादी.

"आवरा," भूपेंद्रभाऊ म्हणाले. "वाद्य वाजवतेस का पार्सल बांधतेस?"

"पोचलं पाहिजे ना भाऊ."

शेवटी तिनं झुलालला खालच्या सुरांचा आवाज वाढवायच्या ऐवजी थोडा उतरवायला लावला. झुलालनं चेहरा असा केला, जणू वांग्याच्या भरतातली मिरची कमी करायला सांगितली. पण उतरवला, आणि गढूळपणा गेला. एकेक सूर सुटा ऐकू यायला लागला, गोल, लाकडाचा.

कार्यक्रम रंगला. तिसऱ्या गाण्यात सगळे थांबले आणि एकटा बास चालला, तेव्हा सत्कारमूर्ती खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवत होते. भूपेंद्रभाऊंचा डावा हात कीबोर्डवरून कधी खाली आला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

परतायला क्रूझर जीप लागली.

"पुढच्या महिन्यात चाळीसगावलाही आण याला," भूपेंद्रभाऊ दुसरीकडे बघत म्हणाले. "पण आत्ता टपावर बांध. सीट माणसांसाठी असते."

"कीबोर्ड कुठंय तुमचा?"

"सीटवर. नाजूक आहे तो."

"मान कुणाची लांब? मोडली तर चाळीसगावला काय आणू?"

भूपेंद्रभाऊंनी बासकडे पाहिलं, टपाकडे पाहिलं, झुलालकडे पाहिलं. झुलाल तोंड फिरवून हसत होता.

धुळ्यापासून जळगावपर्यंत बास दोन सीटांवर आडवा झोपून आला आणि भूपेंद्रभाऊ मागच्या फळीवर, कीबोर्ड मांडीवर घेऊन.