दिघीच्या डेपोत फेस का येत नव्हता

हवालदार जगतापांनी दाढीच्या साबणाच्या दोन वड्या माझ्या टेबलावर आपटल्या. एकीचा टवका उडाला.

"ह्यो साबण हाय का खडू?" त्यांनी विचारले. "जवान मला तोंडावर हसतात. अर्ध्या दाढ्या कोरड्या होतात."

जगताप मूळचे साताऱ्याकडचे. दिघीच्या लष्करी डेपोतल्या कँटीनचे काम त्यांच्याकडे होते. मी चिंचवडच्या एका लहान साबण कारखान्यात केमिस्ट होतो. पन्नासच्या दशकाचा मध्य होता. पिंपरीत मोठे कारखाने उभे राहू लागले होते. आमचा कारखाना जुना, पण दाढीचा साबण नवा होता. डेपोने तो ट्रायलवर घेतला होता. ट्रायल पास झाली तर कायमची ऑर्डर मिळणार होती.

या साबणाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. तो कडक, गोल वडीचा साबण. साबणाचे पातळ पापुद्रे रोलरमधून पुन्हा पुन्हा काढायचे आणि मग दाबून वडी पाडायची, याला मिलिंग म्हणतात. अशा वडीत पाणी कमी असते. ती सावकाश झिजते आणि पुष्कळ दिवस पुरते. मात्र तिचा फेस आपोआप येत नाही, तो काढावा लागतो.

फेसही दोन प्रकारचा. एक बुडबुड्यांचा. तो दिसायला मोठा, पण गालावर पोचेपर्यंत बसतो. दुसरा सायीसारखा. तो दिसायला थोडा, पण केस भिजवून उभे धरतो. दाढीला दुसरा लागतो. त्यासाठी साबणात स्टिअरिक ॲसिड, म्हणजे तेलातला मेणासारखा घट्ट भाग, जास्त घालतात.

आमचे मालक दादासाहेब यांनी या ऑर्डरच्या भरवशावर मिलिंगचे मशीन घेतले होते. हवालदार गेल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले.

"सावंत, शनिवारी डेपोचे मेजरसाहेब निकाल देणार आहेत. एकीकडे डेपोत आधीपासून येणारी विलायती वडी, एकीकडे आपली. आपली हरली तर मी मशीन विकणार. विभाग बंद. तुम्ही आणि तुमची माणसं दुसरीकडे बघा."

"साहेब, बॅच मी स्वतः तपासली आहे."

"ते डेपोला पटवा. मला पटून काय उपयोग?"

ते रागावले नव्हते. त्यामुळे त्यांचे बोलणे जास्त खरे वाटले.

मी परत आलेल्या वड्या तपासल्या. त्यांत मोकळा अल्कली नव्हता, म्हणजे सोडा जास्त झालेला नव्हता. पाण्याचे प्रमाण बरोबर होते. ब्रश फिरवला तर फेस उत्तम आला. मग संशय पाण्यावर गेला. जड पाण्यात, म्हणजे चुना-क्षार जास्त असलेल्या पाण्यात, साबण नीट चालत नाही. सायकलला पिशवी अडकवून मी दिघीला गेलो आणि डेपोच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणले. पाणी थोडे जड निघाले. पण त्या पाण्यातही फेस आला. नेहमीपेक्षा जरा उशिरा, एवढेच.

वडी चांगली होती आणि पाणी चालण्याजोगे होते. बाकी राहिले होते ते दाढी करणाऱ्याचे काम. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुन्हा दिघीला गेलो.

बराकीच्या पडवीत एक खुर्ची मांडलेली होती. डेपोतल्या न्हाव्यांपैकी एक, सखाराम, कुरुळीहून सायकलने येत. पन्नाशीचा माणूस, हात विलक्षण हलका. जवानांची रांग लागलेली होती. मी पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

पहिल्या जवानाच्या गालावर फेस चांगला आला. दुसऱ्याच्या गालावर थोडा कमी. चौथा बसला तेव्हा गालावर नुसते पांढरे पाणी होते आणि त्यात नासलेल्या दुधासारखे कण.

"बगा सायेब," सखाराम म्हणाले. "पयल्याला येतो, दुसऱ्याला येतो, मंग दमतोय तुमचा साबन."

खुर्चीतला जवान म्हणाला, "मामा, साबण दमू द्या. वस्तरा नका दमवू. गाल माझा हाय."

रांग हसली. मी हसलो नाही, कारण सखारामांनी नेमकी गोष्ट सांगितली होती. साबण वाईट असता तर पहिल्यालाही फेस आला नसता. पहिल्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये काहीतरी बदलत होते. वडी तीच होती. ब्रश तोच होता. मी त्यांच्या पाण्याच्या वाटीकडे बघू लागलो.

दाढी संपली. सखारामांनी वाटीतून तुरटीचा खडा काढला, जवानाच्या गालावरून फिरवला आणि परत वाटीत टाकला. मग त्याच वाटीत ब्रश बुडवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

"सखारामभाऊ, तुरटी नेहमी वाटीतच असते?"

"मंग कुटं ठिवायची? हाताशी पायजे. कुटं कापलं तर लगी लावता येती. आन् पानी बी साफ ऱ्हातं."

त्यांच्या हिशेबाने ते बरोबर होते. गावाकडे दाढीला साबण नसे. बोटांनी पाणी चोळून केस मऊ करायचे आणि वस्तरा चालवायचा. न्हाव्याच्या धोकटीत एकच वाटी असे आणि तुरटी त्याच वाटीत राही. त्यात कोणाचे काही बिघडत नसे. साबण आणि ब्रश त्या धोकटीत आले ते डेपोची नोकरी लागल्यावर. वाटी मात्र एकच राहिली.

साबण आणि तुरटी एका पाण्यात नांदत नाहीत. तुरटीच्या पाण्यात साबण विरघळून राहत नाही. त्याचा चिकट चोथा होतो आणि फेस मरतो. पहिल्या दाढीला पाणी ताजे असे. मग दर माणसागणिक तुरटी आणखी विरघळे आणि फेस आणखी उतरे. विलायती वडीबद्दल तक्रार नव्हती, त्याचेही कारण आता कळले. ती अधिकारी वापरत. ते आपापल्या क्वार्टरमध्ये, स्वतःच्या मगमध्ये, स्वतःच्या हाताने दाढी करत. ती वडी सखारामांच्या वाटीपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

मी कँटीनमधून दुसरी वाटी मागवली. ताजे पाणी घेतले आणि ब्रश स्वच्छ धुऊन सखारामांच्या हातात दिला.

"दोन वाट्या?" ते म्हणाले. "सायेब, मला हात दोनच हायेत."

"एकदा करून तर बघा."

त्यांनी ब्रश फिरवला. फेस आला. मग तोच ब्रश त्यांनी आपणहून तुरटीच्या वाटीत बुडवला आणि पुन्हा वडीवर फिरवला. फेस फाटला. त्यांनी हे दोनदा करून पाहिले.

"म्हंजी ह्येच्यानं?"

"याच्यानेच."

"आन् मी उगा साबनाला शिव्या देत बसलो."

दुसरी एक सवय बदलायची होती. सखाराम ब्रश निथळत तसाच वडीवर फिरवत. कडक वडीला ते चालत नाही. सकाळी आल्याबरोबर वडीवर चमचाभर कोमट पाणी ठेवायचे. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर लावून होईपर्यंत वरचा थर मऊ होतो. ते पाणी ओतून द्यायचे. ब्रश झटकून घ्यायचा आणि वडीवर दाट लेप येईपर्यंत फिरवायचा. मग गालावर, ब्रशच्या टोकाने थेंब थेंब पाणी देत, फेस वाढवायचा. सखारामांना हे एकदाच सांगावे लागले.

शनिवारी मेजरसाहेब पडवीत आले. मी त्यांना तुरटीची हकिकत सांगितली.

"साबण बिघडला की कारखानदार पाण्याला दोष देतो," ते म्हणाले. "मागच्याने हवेला दिला होता."

"मग आधी विलायती वडी या जुन्या वाटीत चालवून बघू, साहेब."

सखारामांनी ती तुरटीच्या पाण्यात चालवली. फेस फाटला. मेजरसाहेबांनी वाटीत डोकावून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "ठीक. आता स्वच्छ पाण्यात. दोन्ही."

खुर्चीत हवालदार जगताप स्वतः बसले. उजव्या गालावर आमचा साबण, डाव्यावर विलायती. दोन वाट्या, दोन ब्रश, ताजे पाणी.

"जगतापसाहेब, अर्धे गोरे दिसताय!" रांगेतून कोणीतरी ओरडले.

"गप रे. तुझा नंबर हायेच की," जगताप फेसातून म्हणाले.

दोन्ही फेस सारखे उभे राहिले. सखारामांनी वस्तरा उचलला. मेजरसाहेबांनी हात वर केला.

"थांब. लावल्यावर तर दोन्ही चांगले दिसतात. टिकतो कोणता ते बघू."

दिघीच्या माळावरून उन्हाळ्याचा कोरडा वारा येत होता. सगळे हवालदारांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. हवालदार समोरच्या भिंतीकडे बघत होते. काही वेळाने सखारामांनी दोन्ही गालांना बोट लावले.

"सायेब, डावा वाळला. पापुद्रा धरलाय. उजवा अजून वला हाय."

मेजरसाहेबांनी स्वतः बोट लावून पाहिले. यात जादू नव्हती. विलायती साबण थंड, ओल्या हवेसाठी बनवलेला. आमच्या वडीत मी ग्लिसरीन जास्त राहू दिले होते, कारण आमच्याकडचा वारा मला माहीत होता. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते.

"उजव्या गालावर कोणता?"

"चिंचवडचा, साहेब," मी म्हणालो.

"मग ऑर्डर चिंचवडला. आणि डेपोतल्या प्रत्येक न्हाव्याला दुसरी वाटी द्या."

"देतो साहेब," जगताप म्हणाले, "पण आधी माझी दाढी तरी उरकू द्या."

सखारामांनी उजव्या गालावरून वस्तरा फिरवला. केस कापल्याचा स्वच्छ आवाज आला. जवानांनी टाळ्या वाजवल्या. मी पडवीच्या कठड्यावर बसून घेतले.

मशीन विकले गेले नाही. दादासाहेबांनी बातमी उभ्याउभ्याच ऐकली, दोनदा ऐकली आणि पेढे मागवले. विभाग पुढे वाढला. आमच्या वेष्टनावर "तुरटी वेगळ्या पाण्यात ठेवावी" अशी ओळ छापली जाऊ लागली. दर शनिवारी एक न्हावी कारखान्यात येऊन नव्या बॅचची वडी आमच्याच माणसांच्या गालांवर चालवू लागला. तोपर्यंतच्या आमच्या तपासणीत वडी होती, पाणी होते, ब्रश होता. दाढी नव्हती.