कालव्याच्या शेवटी कोरियाचा मास्क

लेकीचा साखरपुडा जुन्नरच्या हॉलमध्ये ठरला आणि तिला एकदम माझं तोंड दिसलं. एरवी पुण्याहून आली की ती मोबाईलमध्येच बघत बसायची. या वेळी माझ्याकडे बघत राहिली. कांदाकाढणीचे दिवस होते, वाऱ्यानं माझे गाल उलले होते.

"आई, तुझी स्किन डिहायड्रेटेड झालीय."

"म्हणजे?"

"पाणी कमी पडलंय."

मी म्हटलं, आपल्या अवसरी गावात कुणाला पुरलंय? ती हसली नाही. पर्समधून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "कोरियाचा मास्क आहे. फक्त तुझ्यासाठी. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी लाव, वीस मिनिटांनी काढ आणि टाकून दे. एका मास्कला एकच तोंड. मी व्हिडिओ कॉल करते."

माझी शाळा चौथीपर्यंतची, पण पाकिटावरचं ते चौकोनी अक्षर तिलाही वाचता येईना. तेवढ्यापुरत्या आम्ही दोघी सारख्याच शिकलेल्या. ती पुण्याला परत गेली आणि माझ्या मनात एकच घोळत राहिलं, की हिला माझ्या तोंडाची लाज वाटते का? विचारायचं धाडस होईना.

पाकीट फ्रीजमध्ये कोथिंबिरीखाली ठेवलं होतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मिरच्या काढताना थोरल्या जाऊबाईंच्या हाताला लागलं. आमच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मग जाऊबाईंना आणि मग मला. पहिला आंबा असो की न्हाणीतलं गरम पाणी.

"माज्याआदी सून लावनार व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "आन् विहीणबाईंम्होरं मी काय अशीच जाऊ?"

एका मास्कला एकच तोंड, असं मी ठणकावून सांगितलं, पण मनातल्या मनात. प्रत्यक्षात कात्रीनं पाकीट कापलं आणि तो गिळगिळीत, पांढरा कागद त्यांच्या तोंडावर पसरला.

"लई गार लागतंय गं," म्हणत त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या. वीस मिनिटं झाली. पण झोपलेल्या सासूला उठवायची रीत आमच्याकडे नाही. तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. खाटेवरचं पांढरं तोंड बघून तिनं हात जोडले. "अगं बया! कवा झालं?"

मास्कखालून आवाज आला, "अजून न्हाई झालं. विरजन घे आन् जा."

मग तो जाऊबाईंनी लावला. त्यांनी मालिकेचा एक अख्खा भाग बघितला आणि पाकिटातले उरलेले थेंब कोपरांना चोळले. कालव्याला पाणी सुटलं की वरची वावरं तुडुंब भरतात आणि शेवटच्या वावरात नुसता ओलसर वास येतो. तशी माझी पाळी आली. कागद उन्हातल्या पापडासारखा झाला होता. तरी लावला. लेक बघणार होती. गालांत होतं नव्हतं ते पाणी त्यानंच पिऊन टाकलं.

कॉल आला. "आई, तो वाळला कसा?"

मागून आत्याबाई ओरडल्या, "आमी लावला व्हता आदी! लई ग्वाड माल हाय, आनिक आन!"

लेकीनं कपाळावर हात मारला. "तिघींनी एकच? आई, एकदा तरी नाही म्हणायचंस ना गं!"

मी फोन घेऊन परसात गेले. तोंड झाकलेलं असलं की धीर येतो. विचारलं, "तुला माझ्या तोंडाची लाज वाटती का?"

तिनं स्क्रीनवरून नजर बाजूला वळवली. रेंज चांगली होती, ते मला स्पष्ट दिसलं.

"थोडी," ती म्हणाली. "फोटोची भीती वाटते मला. त्यांच्याकडच्या सगळ्या बायका कशा गुळगुळीत आहेत."

खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं, पण ते टिकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आत्याबाई नुसत्या चकाकत होत्या. विहीणबाईंनी त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काय लावता हो तुम्ही?" आत्याबाई म्हणाल्या, "आमच्यात पयल्यापास्नं कोरियाचंच असतं."

मी पदर इतका पुढे ओढला होता की फोटोत फार तर नाक आलं असतं. खांबाच्या आडोशाला उभी राहिले. माझ्यापुरता प्रश्न मिटला होता. फोटोग्राफरनं मुलीच्या आईला दोनदा पुकारलं, मी हलले नाही. तेव्हा लेकच घागरा उचलून स्टेजवरून खाली आली.

"आई, नुसत्या नाकाचा फोटो काढायचाय का?" तिनं माझा पदर मागे सारला. उजेड थेट उललेल्या गालांवर आला. तिनं तिचा गाल माझ्या गालाला चिकटवला.

"मॅडम, मेकअप जाईल," फोटोग्राफर म्हणाला.

"जाऊ दे. काढा तुम्ही."

माझं मनगट तिनं घट्ट धरलं होतं आणि तिचा हात गार पडला होता. भीती गेली नव्हती तिची. माझीही नव्हती. त्या फोटोत आम्हा दोघींचेही डोळे मिटलेले आहेत.