दांडा वर होता

लाइट गेली होती आणि मेघनाची दोन बोटं सर्क्युलर करवतीच्या पात्याला लागून होती. फटीत अडकलेली लाकडाची ढलपी ती काढत होती. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून मला मशिनचा स्विच दिसत होता. दांडा वर होता.

दांडा वर म्हणजे चालू. वीज नव्हती म्हणून पातं थांबलं होतं, एवढंच. वीज आली की दहा इंचांचं ते पातं मिनिटाला अठ्ठावीसशे फेऱ्यांनी फिरणार होतं. कधी येईल ते कोणाच्या हातात नव्हतं. गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून लाइनची दुरुस्तीही गुरुवारीच. वीज जाते, येते, परत जाते.

मी ओरडले, "मेघना, हात काढ."

मेघनाला जन्मापासून ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी ओरडले. मग भिंतीवरचं ट्यूबलाइटचं बटण खालीवर केलं. तिला हाक मारायची आमची पद्धत तीच. ट्यूब दोनदा लावली-विझवली की ती वळून बघते. ट्यूब लागली नाही. लागणार कशी?

धावत जाऊन तिचा हात ओढावा असं वाटलं. पण मशिनवरच्या माणसाला मागून हात लावायचा नाही, हा वर्गातला पहिला नियम मीच शिकवते. माणूस दचकला की हात पुढे जातो. पुढे दात होते.

राहिला मेन स्विच. तो शटरजवळ, पॅलेटच्या ढिगामागे. तिथे दत्ताभाऊ चहा पीत बसले होते. एका वर्कशॉपमधले कामगार, सुट्टीला आमच्या वर्गाला येणारे.

"दत्ताभाऊ, मेन पाडा."

"लाइटच नाही की मॅडम. मेन कशाला पाडायचा?"

"पाडा म्हणते ना."

"मग ओरडायलाव कशाला?" म्हणत त्यांनी आधी कप खाली ठेवला. नीट, कडेला. मग उठले आणि मेन पाडला.

ते परत कपाकडे वळले तोच शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर सुरू झाला. वीज आली होती. आमच्याकडे ती मेनपाशी अडली. मेघनाने ढलपी काढली, बोटात फिरवून बघितली आणि डब्यात टाकली. मग माझ्याकडे बघून हातानेच विचारलं, काय झालं? मी जाऊन दांडा खाली केला आणि तिला तो दाखवला. मग समोरच्या स्टुलावर बसले.

आमची शेड भोसरीत आहे. सुतारकाम आणि हस्तकलेचे अगदी सुरुवातीचे वर्ग आम्ही घेतो. कोणीही यावं असं ठरवूनच ते सुरू केले. व्हीलचेअरवरचे येतात, दृष्टिहीन येतात, साठी उलटलेल्या बायका येतात, आठवड्याच्या सुट्टीला कामगार येतात. म्हणून टेबलं दोन उंचीची आहेत आणि मोजपट्ट्यांवरच्या खुणा हाताला लागतात अशा आहेत. लाकूड चाकणहून मिळतं. परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून येतात, त्या पाइनच्या फळ्या.

मी चाकणच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं क्वालिटी विभागात होते. आता इथे वर्कशॉप इनचार्ज आहे. पत्रा दाबून आकार देतात त्या प्रेस शॉपमधल्या एका अपघाताचा रिपोर्ट एकदा मी लिहिला होता. मी पोचले तेव्हा हातमोजा प्रेसच्या साच्यातच होता. त्यात काय होतं ते रिपोर्टात लिहिलं, इथे लिहीत नाही. त्या गुरुवारी स्टुलावर बसल्या बसल्या मला तो हातमोजाच दिसत होता.

वर्ग संपल्यावर आप्पा आले. शेड त्यांची. मूळचे इथल्याच गावातले. जमीन एमआयडीसीत गेली, हा तुकडा उरला, तो त्यांनी वर्गांना दिला. झालेलं सगळं मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"मॅडम, त्या पोरीला आता मशिनवर न्हाई लावायची. हातकाम करू द्या. रंदा मारंल, पॉलिश करंल."

"आप्पा, तिची नोकरी मशिनवर आहे."

ते खरं होतं. चाकणच्या एका पॅकेजिंगवाल्याने मेघनाला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, सर्क्युलर करवत चालवता आली पाहिजे. बाकी दोन ठिकाणी तिला फाटकावरूनच परत पाठवलं होतं.

"नोकरी बोटं गेल्यावर काय कामाची? तिला ऐकू येत न्हाई, त्यात तिचा दोष न्हाई. पण स्विच बंद करायचा इसरली आन् हाक ऐकू आली न्हाई, तर आमी काय करायचं? तिच्या आईला काय सांगू?"

आप्पांचं ऐकलं असतं तर मला त्या रात्री झोप लागली असती, हेही तितकंच खरं.

मेघना आमच्या ओठांकडे बघत होती. तिने मोबाइलवर टाइप केलं आणि स्क्रीन आप्पांसमोर धरला. मी वाचून दाखवलं: "लाइट गेल्यावर दांडा मी खाली केला होता. मग ब्रश आणायला गेले. परत येऊन ढलपी काढली."

"वर तर होता," आप्पा म्हणाले.

दत्ताभाऊ भुसा झाडत होते. त्यांचा झाडू थांबला.

"म्या केला वर," ते म्हणाले. "माझा नंबर होता पुढचा. आमच्या वर्कशॉपमधी लाइट गेली की सगळे चालूच ठेवतेत. मशिन फिरली की कळतं, लाइट आली. मग चहा टाकून उठायचं. सवय हो. ही पोरगी परत हात घालील असं ध्यानातच आलं नाही."

म्हणजे मेघनाने शिकवलं तसंच केलं होतं. पण आप्पा मागे हटले नाहीत.

"बरं, चूक त्याची. तरी बी फरक हाय. ऐकू येणारा माणूस मोटारीचा आवाज आला की हात मागं घेतो. हिला आवाजच न्हाई."

हे खरं की खोटं, याची मला स्वतःलाच खात्री नव्हती. म्हणून आवाज ऐकून हात वेळेत निघतो का, ते मोजून बघायचं ठरवलं. लाकडाची पातळ पट्टी पात्याच्या दातांना टेकवली. तिच्या दुसऱ्या टोकाला लांब दोरी बांधून ती आप्पांच्या हातात दिली. त्यांना बाजूला, लांब उभं केलं, तोंड भिंतीकडे. बाकी सगळे शटरबाहेर. स्विचचा दांडा वर केला आणि मी मेनपाशी गेले.

"आप्पा, आवाज आला की दोरी ओढायची."

"कळलं. माझा कान तिखट हाय."

मी मेन टाकला. मोटार घरघरली, आप्पांनी झटक्याने दोरी ओढली. पट्टी फरशीवर आपटली. मेन पाडून मी पट्टी उचलली आणि व्हर्नियरने खाचेची खोली मोजली. सहा मिलिमीटर.

"परत," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या वेळी सात. तिसऱ्या वेळी ते पाय रोवून, श्वास धरून उभे होते. पाच.

आप्पांनी पट्टीची खाच स्वतःच्या करंगळीच्या टोकाशी धरली. नखापासून हाडापर्यंत पाच मिलिमीटर अंतर नसतं. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि त्या हाताची मूठ मिटून घेतली.

"म्हंजी माझं बी गेलं असतं."

"हो."

"मग ऐकू येऊन काय उपेग?"

लाइट गेल्यावर स्विच चालूच ठेवायच्या त्या सवयीवर उपाय जुना आहे. स्टार्टर. त्यात एक कॉइल असते. वीज असेपर्यंत ती आतला खटका ओढून धरते. वीज गेली की खटका सुटतो आणि वीज परत आली तरी आपण हिरवं बटण दाबल्याशिवाय मशिन सुरू होत नाही. हे मी समजावून सांगत होते, तेव्हा आप्पांनी मध्येच थांबवलं.

"म्हंजी विहिरीवरच्या मोटारीचा डबा. लाइट गेली की पडतो. व्हय, ते सांगा की मग सरळ. लाकडाच्या मशिनला का न्हाई तो?"

मशिन दान म्हणून आलं तसंच आम्ही वापरत होतो.

स्टार्टर बसला. दत्ताभाऊंनी तक्रार केली की आता लाइट आलेली कळतच नाही. मेघनाला मशिनवर परत उभं केलं तेव्हा मी मेनवर हात ठेवून उभी राहिले. तिने फळी बाजूला ठेवून मोबाइल काढला: "मॅडम, तुम्ही तिथे उभ्या राहिलात तर माझं लक्ष तुमच्याकडेच जाईल. चहा घ्या." मी चहा घेतला. तो कसा होता ते आठवत नाही. तिने फळी सरळ कापली.

पुढच्या महिन्यात ती चाकणला रुजू झाली. पहिल्याच दिवशी पॅकेजिंगवाल्याचा फोन आला.

"मॅडम, तुमची मुलगी मशिनवर उभी राहायला तयार नाही. मोबाइलवर लिहून दाखवते, आधी मेन पाडा, परत टाका, मग बघू."

"मग पाडून बघितलंत?"

"बघितलं."

"आणि?"

"पातं आपोआप फिरलं हो," तो म्हणाला. "सात माणसं काम करतात त्या मशिनवर. सगळ्यांना ऐकू येतं."

मी त्याला आमच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. स्टार्टर बसेपर्यंत मेघना पॅकिंगला होती, आता करवतीवर आहे.

वाचकांपैकी फार थोड्यांकडे सर्क्युलर करवत असेल. मिक्सर बहुतेकांकडे असतो. वाटण अर्धवट असताना लाइट गेली, तर आधी प्लग काढा आणि मगच भांड्यात चमचा घाला. बटण बंद केल्याचं आठवत असलं तरी.