आबांना कोणी विचारलं नव्हतं

नव्वद सालाच्या आसपास मी जळगावला एका दैनिकात उपसंपादक होतो. यावलकडच्या आमच्या गावाहून वडिलांना, म्हणजे आबांना, शहरातल्या एका खासगी दवाखान्यात आणलं होतं. हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती. शुद्ध मात्र लख्ख.

डॉक्टरांनी मला आणि थोरल्या भावाला व्हरांड्यात बोलावलं.

"हृदय केव्हाही थांबू शकतं. थांबलं तर छाती दाबायची, घशात नळी घालायची की नाही, हे आधी ठरवायला हवं."

"सगळं करा," भाऊ म्हणाला.

"आबांना विचारलंत?"

आमच्याकडे आजाऱ्याला 'बरं वाटेल' एवढंच सांगत. खरं बोलणं दाराबाहेर होई. डॉक्टर आत गेले, स्टूल ओढून आबांजवळ बसले आणि त्यांनी तेच सगळं सावकाश सांगितलं.

"दाबल्यावर मी चालत घरी जाईन का?" आबांनी विचारलं.

"या वयात बहुधा नाही. बरगड्याही मोडतात."

"मंग मोडकं मानूस कायले नेता? हाये तसंच न्या." ते भावाकडे वळले. "आन जित्ता ने रे भो. मले ओट्यावर नाही ठेवायचं."

बाहेर मरण आलेल्याला गावात उंबऱ्याच्या आत घेत नसत. ओट्यावरूनच तिरडी उठे. आबांना घरात मरायचं होतं.

भाऊ रडकुंडीला आला. "आबा, गाव म्हनीन, पोराईनं इलाज टाळला."

"गावाचं भेव तुले, आन छाती माही दाबतो?"

शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. भाऊ हसला नाही. निर्णय आबांचा होता, पण त्याबद्दलचे टोमणे गावात राहणारा भाऊच ऐकणार होता. मी जळगावलाच असणार होतो.

"मंग भाऊबंदाईले, बठ्ठ्यांले तुमीच सांगा," तो म्हणाला.

संध्याकाळी भाऊबंद भेटायला आले. आबांनी उशीला टेकून, धाप आवरत सांगितलं, "मीच नको म्हनलं. पोराईले कोनी बोलायचं नाही." दुसऱ्या दिवशी जीप ठरवून आम्ही त्यांना गावी नेलं.

मधल्या घरात ते काही दिवस होते. एका दुपारी श्वास थांबला. भावाचा हात त्यांच्या छातीकडे गेला आणि तिथे टेकला. त्याने दाबलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने मला विचारलं, "आता बाहेर सांगू?"