सुरीचं टोक खाली

माझ्या मामाने आयुष्यात माणसं पुष्कळ बडवली, पण मशीनवर कधी हात उगारला नाही. बंद पडलेल्या डिशवॉशरपुढे तो मांडी घालून बसतो, दाराला कान लावतो आणि विचारतो, "काय होतंय राजा?" रस्त्यात धक्का मारणाऱ्याला मात्र राजा म्हणायची पद्धत नव्हती. तिथे आधी कानाखाली जाळ, मग चौकशी. बाजारात त्याला दणक्या म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्यालाच पहिला दणका बसला, त्यामुळे नाव टिकलं.

तो धंद्यात आला तोही मारामारीतूनच. ऐन विशीत एका हॉटेलात तो भांडी घासायचा. मालकाने भांडी धुवायचं मोठं मशीन आणलं आणि घासणाऱ्या सगळ्यांना वाटलं, आला आपल्या पोटावर पाय. आचाऱ्याला तर ते डोळ्यांसमोर नको होतं. जाता-येता लाथ घालायचा. एकदा मशीन घरघरून थांबलं, तेव्हा त्याने हातातला झारा त्याच्या दारावर हाणला. मामाने झारा हिसकावला आणि आचाऱ्याच्या नाकावर हाणला. नाक मोडलं, नोकरी गेली. पण दुरुस्तीला आलेला म्हातारा मेकॅनिक दारात उभा राहून हा तमाशा बघत होता.

"मशीनसाठी माणसाचं नाक फोडतोस?" तो म्हणाला. "चल माझ्याबरोबर. असला येडा मला शोधून सापडायचा नाही."

मामाची कामाची पद्धत त्या म्हाताऱ्याची. आधी बटण बंद, मग पाण्याचा नळ बंद. मग तळातली जाळी फिरवून काढायची आणि तिच्यात साठलेलं सगळं ताटलीत उपडं करून गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायचं. "हे बघा. भाताची शितं, अंड्याची टरफलं, बरणीवरचा कागद. मशीन आहे हो, डुक्कर नाही!" वास येतो अशी ज्याची तक्रार, त्याला ती ताटली हुंगायला लावायची. ग्लासवर पांढरा थर बसतो म्हटलं की मामा विचारणार, "मशीनचं मीठ शेवटचं कधी घातलंत?" समोरचा म्हणणार, "मशीनलाही मीठ लागतं?" आणि मामाच्या मानेवरची शीर टरारून फुगणार. टकटक आवाज येतो? उंच ताट फिरत्या फवाऱ्याला अडतंय. वरच्या कप्प्यातली भांडी खरकटीच निघतात? फवाऱ्याच्या भोकांत लिंबाच्या बिया बसल्यात, काडीने टोकरा. पाणी तळाशीच साचतं? आधी जाळी, मग मागचा पाइप मुडपलाय का ते, आणि तरीही नाहीच उपसलं तर पंपाच्या छोट्या पंख्यात काहीतरी अडकलंय.

एवढं सगळं तो ओरडून का होईना, समजावून सांगायचा. सुऱ्यांच्या बाबतीत मात्र समजावणं वगैरे नाही. चमच्यांच्या टोपलीत सुरीचं टोक वर दिसलं की स्वतः हात घालून उलटी करायचा. "टोक खाली! दार उघडं, फरशी ओली, आणि तुमचा तोल गेला म्हणजे? मशीनने आजवर कुणाला मारलेलं नाही. तुम्ही त्याच्या हातात सुरी देता!"

मग तो तुरुंगात गेला. एका गिऱ्हाइकाच्या आईने मशीनमध्ये हाताने भांडी घासायचा साबण ओतला होता. असा साबण ओतला की दुसरं काय होणार, दारातून फेसाचे लोट. मामा पोचला तेव्हा तो गृहस्थ घोट्याएवढ्या फेसात उभा राहून म्हातारीच्या मुस्काटात मारत होता. मामाने पिशवी खाली ठेवली आणि त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. सुटला त्या दिवशी त्याला आणायला माझी आई गेली. ती त्याची थोरली बहीण. फाटकातच तिने सांगितलं, "पुन्हा कुणावर हात उचललास तर मला बहीण म्हणायचं नाही." तेव्हापासून राग आला की मामा दोन्ही हात काखांत दाबून धरतो. दिसतो थंडी वाजल्यासारखा. भर उन्हाळ्यात लोक त्याला चहा विचारतात.

आता ताईचं. माझ्या बहिणीला नवरा मिळाला तो टापटिपीचा पुतळा. बुटांच्या नाड्यांनाही इस्त्री केल्यासारखा. आई नातेवाइकांत सांगायची, "जावई स्वतः मशीनमध्ये भांडी लावतात!" लावायचेच. ताईने लावलेली काढून पुन्हा लावायचे. ताट कुठल्या खाचेत, वाटी कुठल्या बाजूला कललेली, सगळं ठरलेलं. सुऱ्या टोक वर, कारण पातं स्वच्छ निघतं. एकदा जेवायला गेलो असताना मामाने त्या उलट्या केल्या, भावोजींनी हसतहसत पुन्हा सुलट्या केल्या, आणि मामा जेवण होईपर्यंत काखांत हात घालून बसला.

मध्यंतरी ताईचा पुढचा दात तुटला. बाथरूममध्ये घसरले, म्हणाली. त्याआधी मनगट मोडलं होतं, तेही बाथरूममध्येच. "त्या फरशीचं आपल्या घराण्याशी काय वैर आहे गं?" मी विचारलं होतं. तोंडावर हात धरून तीही हसली होती.

आणि एका सकाळी तिचा मामाला फोन आला. मी शेजारीच बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

"मामा, मशीन पाणी उपसत नाही. तो यायच्या आत चालू करून देशील?"

"जावईबापूंना स्वतःला दुरुस्ती येते ना?"

"त्यानेच काल उघडलं होतं. जमलं नाही. म्हणाला, संध्याकाळपर्यंत चालू दिसलं नाही तर..."

"तर काय?"

"काही नाही. तू ये रे."

मामाने पिशवी उचलली आणि मला म्हणाला, "चल. तुझी बहीण मशीनला घाबरत नाहीये."

ताईचं स्वयंपाकघर दवाखान्यासारखं पांढरंफेक. ताईच्या गळ्याभोवती, घरात, स्कार्फ. मामाने बघितलं. बटण बंद, नळ बंद. कपाने गढूळ पाणी उपसलं, उरलेलं स्पंजने टिपलं, तरी बरंच फरशीवर सांडलं. मग म्हणाला, "जाळी नेहमीच तिरकी बसवतात वाटतं. कडेने सगळं खाली गेलं असणार." जाळी ताटलीत उपडी केली. शितं नाहीत, बिया नाहीत. नुसत्या चिनी मातीच्या कपच्या.

"ताट निसटलं हातातून," ताई घाईघाईने म्हणाली.

"एकच ताट?" एक कपची निळी होती, एक हिरवी, एक तपकिरी.

मामाने पंपावरचं झाकण काढलं, बोट आत घातलं आणि पंखा फिरवून पाहिला. अडत होता. चिमट्याने त्याने काहीतरी ओढून काढलं, नळाखाली धुतलं आणि तळहातावर ठेवलं. दाताचा तुकडा होता.

मग मामा अगदी हळू म्हणाला, "बाथरूममध्ये पडलेला दात भांड्यांच्या मशीनमध्ये पोहत आला का गं?"

ताई खाली बसली. "मी भांडी लावत होते. वाटी उलटी लावली. त्याने मागून मान धरली आणि तोंड कप्प्यावर आपटलं... मामा, तू फक्त मशीन चालू कर. तो लवकर येतो हल्ली. चालू दिसलं की काही नाही करत."

"सामान भर," मामा म्हणाला. "आपण निघतोय."

"मागच्या वेळी निघाले तेव्हा स्टँडवरून ओढत आणलं मला. म्हणाला, पुन्हा गेलीस तर आईच्या दारात येऊन मारीन."

"येऊ दे. दार आमचं आहे. तू भर सामान."

मामाने झाकण लावलं, जाळी खटकन बसवली, मशीन चालवून पाहिलं. पाणी गटागटा गेलं. मी म्हटलं, आता कशाला चालवतोस? तर म्हणतो, "त्याचा काय दोष?" दार उघडून त्याने खालचा कप्पा ओढला आणि टोपलीतल्या सुऱ्या दिसल्या तशा उलट्या केल्या. कपडे भरता भरता ताई धावत आली आणि तिने त्या भराभरा पुन्हा टोक वर केल्या. घर सोडून निघालेली बाई! सवय अशी असते.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

भावोजींनी आधी ओली फरशी बघितली, मग उघडं मशीन, मग ताईची बॅग. मामाकडे बघून हसले. "अरे वा, मामा! न सांगता?"

"तुमची वस्तू सापडली," मामाने तळहात पुढे केला. "पंपात होती."

"तिचा तोल जातो हो सारखा." म्हणता म्हणता त्यांनी ताईचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं फ्रिजवर आपटलं. इतकं सहज, जसं कुणी पुसायचं फडकं झटकावं. मी मध्ये पडलो. माझं शौर्य फार लांबलं नाही. नाकावर ठोसा बसला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मामाचे हात काखांत होते. खांदे थडथड उडत होते, पण हात तिथेच.

"मारा ना, दणक्या!" भावोजी ओरडले. "मारा, म्हणजे परत आत जाल!" मामाच्या पिशवीतला मोठा पाना त्यांनी उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. फांदी मोडावी तसा आवाज झाला. मामा गुडघ्यांवर आला. दुसरा घाव डोक्यावर बसणार होता. पाना वर गेला आणि ताईने समोरून दोन्ही हातांनी सगळ्या अंगाचा जोर लावून त्यांना ढकललं.

फरशी ओली. दार उघडं. खालचा कप्पा बाहेर ओढलेला. भावोजी पाठीवर आडवे त्याच्यात गेले. बिजागर कडाडून तुटलं, ताटं फुटली, आणि त्यांच्या तोंडून आवाजच निघाला नाही. सुरी दंडात, काखेजवळ, मुठीपर्यंत गेली होती. "नका काढू!" मामा ओरडला, पण टापटिपीचा माणूस, त्यांनी ती उपसली. रक्त उडालं ते थेट पांढऱ्या कपाटांवर.

मामा गुडघ्यांवरच सरकत गेला. एक हात लुळा पडलेला. दुसऱ्या हाताने टॉवेल घेऊन त्याने त्या काखेत मूठ रोवली आणि छातीवर गुडघा ठेवून सगळा भार टाकला.

"मामा, सोड त्याला," ताई म्हणाली. तिच्या कपाळातून रक्त गळत होतं. "मरू दे. सोड."

"गप! हा मेला तर तू आत जाशील. तिथलं जेवण तुला माहीत नाही." मग मला, "फोन कर की रे बावळटा, नाक नंतर पूस!" आणि मग खाली वाकून भावोजींच्या कानात, दातओठ खात, "मरायचं नाही. ऐकतोयस? मेलास तर हाडं मोडीन. माझ्या भाचीच्या नावावर तुझं मढं नकोय मला."

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो शिव्या देत आणि दाबत राहिला. माणसाला एवढा वेळ हात लावून त्याने कधी न मारता सोडलं नव्हतं. जबाब घ्यायला हवालदारबाई आल्या तेव्हा मी म्हणणार होतो की ते घसरले. ताईने मला मागे सारलं. "मी ढकललं," ती म्हणाली, आणि फरशीवरून उचललेला दाताचा तुकडा टेबलावर ठेवला. "का ढकललं, त्याचा हा पुरावा." बाईंनी तुकड्याकडे बघितलं, तिच्या ओठांमागच्या फटीकडे बघितलं, आणि गळ्याभोवतीचा स्कार्फ स्वतःच्या हाताने सोडवला.

भावोजी जगले. त्या हाताची मूठ आता वळत नाही. सध्या ते मामाच्या जुन्या पत्त्यावर आहेत. आईने मामाला विचारलं, "हात उचललास का?" तो म्हणाला, "नुसता दाबला." ते तिने मान्य केलं. हळहळ म्हणाल तर मामाला एकाच गोष्टीची वाटते. "चांगलं मशीन होतं बिचारं. बिजागर हकनाक गेलं."

खांद्याचं हाड वाकडं जुळल्यामुळे मामाला आता जड काम होत नाही. काम ताई करते. तो खुर्चीत बसून गिऱ्हाइकांवर ओरडतो. परवा एका घरी मीही होतो. मशीन पाणी उपसत नव्हतं. घरातली बाई दाराशी उभी, नवरा तिच्यामागे. ताईने सुऱ्या उलट्या केल्या, जाळी काढली, ताटलीत उपडी केली, कुणाकडे न बघता निरखून पाहिली. मग पंपात बोट घातलं. तेवढा वेळ ती श्वास घेत नाही, हे मी ओळखून आहे. मामाही ओरडायचं थांबतो.

बोट बाहेर आलं. ताईने ते उजेडाला धरलं.

"लिंबाची बी," ती म्हणाली आणि एवढ्या मोठ्याने हसली की ते नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. तिचा नवा दात बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा आहे. हल्ली ती तोंडावर हात धरत नाही.